टेकडीवरचं निसर्ग शिबिर: मुलं मोजकी, वाट छोटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुटी जवळ आली की पुण्यात मुलांच्या निसर्ग शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. वेताळ टेकडी, तळजाई, पाचगाव-पर्वती या टेकड्यांपाशी बसमधून पन्नास-साठ मुलं उतरतात. सोबत दोन ताई-दादा आणि हातात भोंगा. भोंगा वाजला की जवळपासचे पक्षी उडून जातात, आणि मागच्या मुलांच्या वाट्याला पुढच्यांची पाठ तेवढी येते. टेकडी शहराच्या मधोमध असणं हे पुण्याच्या मुलांचं मोठं भाग्य आहे. ते असं वाया जाऊ नये म्हणून हे पत्र.

एका मार्गदर्शकामागे १० ते १२ मुलं, आणि रांगेच्या शेवटी आणखी एक मोठं माणूस. याहून जास्त मुलं असतील तर तुकड्या कराव्यात आणि त्या वेगवेगळ्या वाटांनी न्याव्यात. एकूण चाल दीड-दोन किलोमीटर पुरे. साडेसहाला पायथ्याशी जमावं आणि साडेनऊच्या सुमारास उतरायला लागावं. ऑक्टोबरचं ऊन दहानंतर सोसत नाही, पक्षीही सावली धरतात. प्रत्येक मुलाकडे १ लिटर पाणी हवं. घाम जास्त येऊन कुणी मलूल झालं, तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यावं. मीठ अंदाजाने टाकू नये. जास्त झालं तर अपायच होतो.

मार्गदर्शकाने आदल्या दिवशी तीच वाट चालून पाहायलाच हवी. मुख्यतः आग्या मोहोळासाठी. ही पोळी खाणीच्या कड्याखाली किंवा उंच फांदीखाली उघड्यावर लोंबतात. धूर, भपकेदार अत्तर किंवा डिओ, आणि एखाद्याने भिरकावलेला दगड, यांनी माश्या उठतात. उठल्याच तर तोंड टोपी-ओढणीने झाकून थेट गाडीकडे किंवा बंद खोलीकडे पळायचं. पाण्यात उडी मारायची नाही, माश्या वर घिरट्या घालत राहतात. नांगी नखाने खरवडून लगेच काढावी. श्वास लागला, ओठ सुजले किंवा डंख बरेच असले, तर वाट न पाहता दवाखाना. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या कडेलाही मुलांना नेऊ नये. तिथे मुरमावरून पाय सरकतो आणि पाण्याची खोली वरून कळत नाही.

दगड उलटून पाहणं मुलांना फार आवडतं आणि ते जरूर करावं, पण रीतीने. दगडाची पलीकडची कड काठीने धरून आपल्याकडे उचलायची, म्हणजे खाली विंचू-साप असला तरी दगड आड राहतो आणि त्याला पलीकडे निघून जाता येतं. पाहून झालं की दगड होता तसाच ठेवायचा, कारण ते कुणाचं तरी घर आहे. साप चावलाच तर बांधणं, चिरणं, चोखणं काही करू नये. अंगठी, घड्याळ, पैंजण काढावेत, मुलाला चालू न देता उचलून न्यावं आणि १०८ला फोन करावा. प्रतिसर्पविष जवळ कुठे मिळतं, हे निघण्याआधीच विचारून ठेवावं.

आता शिकवायचं काय? पाटीवरची झाडांची नावं मुलं संध्याकाळपर्यंत विसरतात. त्यापेक्षा मोज्याला चिकटलेलं कुसळ घ्या. म्हणीतलं कुसळ सगळ्यांना पाठ असतं, पण तळहातावर घेऊन कुणी पाहिलेलं नसतं. कुसळी गवताचं वाळलेलं बी तळहातावर ठेवून त्याच्या पीळ पडलेल्या लांब शेपटीवर पाण्याचा एक थेंब टाका. थोड्या वेळात पीळ उलगडतो आणि शेपटी गोल फिरू लागते. वाळली की पुन्हा पिळते. रात्री दव, दिवसा ऊन. या फिरण्याने टोकदार बी जमिनीत रुततं. टोकावरचे केस मागे वळलेले असल्याने ते मागे सरत नाही. मोज्यातून ते सहज निघत नाही त्याचंही कारण हेच. साधं भिंग असलं की अर्धा तास कसा जातो कळत नाही.

दुसरा प्रयोग झाडांचा. टेकड्यांवर भरमसाट लावलेला गिरिपुष्प मूळचा मध्य अमेरिकेतला. त्याच्याखाली दहा मिनिटं आणि इथल्याच एखाद्या पळसाखाली किंवा हिवराखाली दहा मिनिटं मुलांना गप्प बसवा. किडे, कोळी, पक्षी, खाली उगवलेली रोपं, सगळं मोजून वहीत लिहू द्या. उत्तर आपण आधी सांगू नये.

मोरांना दाणे टाकू देऊ नका. दाण्याची सवय लागलेला मोर माणसांच्या आणि कुत्र्यांच्या जवळ येतो. डब्यात पोळी-भाजी असावी, वेष्टनातला खाऊ घरीच ठेवावा.

पालकांनी पैसे भरण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचाराव्यात: एका मार्गदर्शकामागे मुलं किती, वाट आदल्या दिवशी कोण पाहणार, आणि प्रथमोपचार शिकलेलं माणूस सोबत असेल का. उत्तर अडखळलं तर दुसरं शिबिर शोधावं. टेकडी काही कुठे जात नाही.

आपले,
टेकड्यांवर मुलांसोबत काम करणारे काही स्वयंसेवक, पुणे