पॉवर बँकेवरचा आकडा फसवा

संपादक महोदय,

रास्पबेरी पायसारखा छोटा, एका बोर्डावरचा संगणक घेऊन फिरता प्रकल्प करायचा असेल, तर ‘१०,००० एमएएचची पॉवर बँक लावा’ एवढ्या एका ओळीत विजेचा विषय उरकला जातो. प्रकल्प बंद पडतात ते बहुधा याच ओळीमुळे.

तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, बाहेर मिळणाऱ्या ५ व्होल्टचा नव्हे. म्हणजे हातात ३७ वॉट-तास. रूपांतरात १५ टक्के गेले की साधारण ३१. रास्पबेरी पाय ४ नुसता चालू असताना ३ वॉटच्या आसपास खातो, तेव्हा दहा तास मिळतील. कॅमेरा आणि प्रोसेसर जुंपले की हा खर्च दुप्पट होतो आणि तास निम्मे उरतात.

पण खरी अडचण तासांची नाही, व्होल्टेजची आहे. बोर्डापाशी ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय कमी दाबाची तक्रार करतो, वेग उतरवतो, कधी मध्येच रीस्टार्ट होतो आणि मेमरी कार्ड खराब करून ठेवतो. दोष बॅटरीला दिला जातो, गुन्हेगार मात्र अनेकदा केबल असते. २८ गेजची (बारीक तारेची) एक मीटर केबल जाऊन-येऊन सुमारे ०.४ ओहम रोध करते. १ अँपिअरलाच ०.४ व्होल्ट वाटेत गळतो. २० गेजची, म्हणजे जाड तारेची, आखूड केबल घ्यावी. शंका असल्यास टर्मिनलमध्ये ‘vcgencmd get_throttled’ ही आज्ञा चालवावी. उत्तराच्या शेवटी ५०००० आलं तर दाब आधी कधीतरी पडलेला असतो, ५०००५ आलं तर त्या क्षणीही पडलेला.

पाय ५ ची गोष्ट निराळी. त्याला ५ व्होल्टवर ५ अँपिअर हवेत. ‘६५ वॉट’ची पॉवर बँक ते वॉट २० व्होल्टवर देते, ५ व्होल्टवर बहुतेकींची मजल ३ अँपिअरपर्यंतच. मग बोर्ड सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो आणि बाहेरची हार्ड डिस्क उठतच नाही. उलट पाय झीरो इतकं कमी खातो, की फोन भरला असं समजून काही पॉवर बँका स्वतःच बंद होतात. आणखी एक: चार्जिंग सुरू असताना प्लग काढला की अनेक पॉवर बँका क्षणभर वीज तोडतात. अखंड चालायला हवं असेल तर यूपीएस बोर्डच घ्यावा.

१८६५० सेल (लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसे गोल लिथियम सेल) जोडून स्वतः करायचं असल्यास एका सेलवरून बूस्ट करण्याचा, म्हणजे व्होल्टेज ५ पर्यंत चढवण्याचा, मोह टाळावा. १५ वॉट हवे असतील तर, रूपांतरातली गळती धरून, ३ व्होल्टपर्यंत उतरलेल्या सेलमधून जवळजवळ ६ अँपिअर ओढावे लागतात. टिकलीएवढं मॉड्यूल त्यात भाजून निघतं. एकाच जातीचे, एकाच वयाचे दोन सेल सिरीजमध्ये, त्यावर बीएमएस (सेलचं रक्षण करणारं सर्किट) आणि पुढे ५.१ व्होल्टचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल) ही मांडणी निवांत चालते. चार्जर मात्र ८.४ व्होल्टचा हवा. टीपी४०५६ हा चार्जर एकाच सेलसाठी आहे, इथे लावू नये.

शेवटी मल्टिमीटर. बोर्डावरच्या पिन २ आणि ६ वर, पूर्ण भार देऊन दहा मिनिटं मोजावं, तेही बॅटरी संपत आलेली असताना. भरलेल्या बॅटरीवर सगळेच प्रकल्प चालतात.

आपला,
एक वाचक