रात्रपाळीने गुडघे गेले, असं कुणी सिद्ध केलंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आरोग्याच्या पानावर झोप आणि सांध्यांच्या झिजेची बातमी आली होती, मथळा होता की झोपेची सवय बिघडली तर गुडघे जाणार आणि हे म्हणे आता जनुकांवरून सिद्ध झालंय. आमच्याकडे पेपर आई आधी वाचते. तिने ती बातमी दोनदा वाचली, चष्मा काढून पेपरवर ठेवला आणि मला म्हणाली, म्हणजे माझे गुडघे मीच घालवले म्हणायचे. आई स्टाफ नर्स होती, एकोणतीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी तरी रात्रपाळी. आता जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी आडवं होऊन उतरते, आणि त्या दिवशी तिचा जो चेहरा झाला तो बघून हे पत्र लिहितोय.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. पण जनुकांवरून कारण शोधायची ही पद्धत आमच्याच विषयातली आहे, तिला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात, आणि ती काय सांगू शकते नि काय नाही हे बातमीत एका ओळीत तरी यायला हवं होतं.

मूळ अडचण अशी की ज्याचे गुडघे दुखतात त्याची झोप मोडतेच, कूस बदलली की कळ येते आणि माणूस जागा होतो. मग झोप नाही म्हणून गुडघे दुखतात की गुडघे दुखतात म्हणून झोप नाही, हे नुसतं लोकांना विचारून कळत नाही, त्यात वजन, कामाचं स्वरूप, वय हे सगळं मिसळलेलं. त्यावर उपाय म्हणून जनुकं बघायची. आईवडिलांकडून कुठलं जनुक आपल्या वाट्याला यावं ही सोडतच असते, ती जन्माआधी निघते, आणि साठाव्या वर्षी गुडघा दुखला म्हणून जनुक काही बदलत नाही. त्यामुळे झोप न लागण्याकडे कल असणारी जनुकं ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात पुढे सांध्यांची झीजही जास्त दिसली, तर झोपेचा काहीतरी हात आहे असं म्हणायला जागा होते. ब्रिटनमधल्या जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी 2003 साली ही पद्धत नीट मांडली, मला तर ती फार सुंदर वाटते, दर वर्षी पोरांना शिकवताना नव्याने आवडते.

आकडेही छोटे नाहीत. निद्रानाशाच्या जनुकांचा 2019 चा अभ्यास तेरा लाखांहून जास्त लोकांवर झाला आणि त्यात जनुकसंचातल्या 202 जागा सापडल्या. ऑस्टिओआर्थ्रायटिसचा, म्हणजे सांध्यांच्या झिजेच्या आजाराचा, 2021 चा अभ्यास सव्वाआठ लाख लोकांचा. अशा माहितीचे साठे एकमेकांना जोडून बऱ्याच गटांनी हिशोब केलेत आणि त्यातून निद्रानाशाची प्रवृत्ती असेल तर झिजेच्या आजाराचा धोका थोडा वाढतो असं दिसतं हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण वजन हिशोबात धरलं की हा संबंध बारीक होतो, म्हणजे त्यातला काही भाग वजनाच्या वाटेने येतो. आणि किती तास झोपता, लवकर झोपता की उशिरा, याबद्दलचा पुरावा तर अभ्यासागणिक बदलतो. मग मथळ्यात 'सवय' हा शब्द आला कुठून? निद्रानाशाकडे जनुकीय कल असणं म्हणजे सवय नव्हे हो. आणि वॉर्डात पेशंट आहेत म्हणून जागं राहणं हा तर निद्रानाशही नव्हे. त्या 202 जागांवरून रात्रपाळीचा निकाल लावता येत नाही, माझ्या आईचा तर नाहीच नाही. शिवाय त्या सगळ्या जागा मिळूनही माणसामाणसाच्या झोपेतला फरक अगदी थोडाच समजतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या अभ्यासांतली बरीच माहिती यूके बायोबँकेची, म्हणजे ब्रिटनमधल्या लोकांच्या आरोग्याच्या नि जनुकांच्या मोठ्या माहितीसाठ्याची आहे, तिथे 2006 ते 2010 मध्ये 40 ते 69 वयाच्या पाच लाख लोकांची नोंद झाली. त्यांना झोप लागायला त्रास होतो का, रात्री मधेच जाग येते का, असं विचारलं होतं. आणि झिजेची नोंद बहुतेक लोकांच्या स्वतःच्या सांगण्यावरून नि हॉस्पिटलच्या कागदांवरून. आता एक्सरेत झीज भरपूर पण दुखणं नाही, आणि एक्सरे बरा पण दुखणं असह्य, अशी माणसं कुठल्याही ऑर्थोपेडिक डॉक्टरांना विचारा, रोज येतात. झोप नीट नसली की दुखणं जास्त जाणवतं, जास्त दुखलं की माणूस डॉक्टरकडे जातो आणि आजाराची नोंद होते. मग झोपेने कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असणारी गादी, झिजवली की फक्त दुखणं वाढवलं? हे नोंदीवरून सुटं करता येत नाही, आणि पेशंटच्या दृष्टीने तर या दोन्हीत जमीनअस्मानाचा फरक आहे कारण झिजलेली कूर्चा परत येत नाही, दुखणं कमी करता येतं.

कूर्चेचा आणि दिवसरात्रीची लय ठेवणाऱ्या शरीरातल्या घड्याळाचा संबंधच नाही असंही मी म्हणत नाही. मँचेस्टरच्या संशोधकांनी 2016 मध्ये उंदरांच्या कूर्चेतलं घड्याळाचं एक मुख्य जनुक, बीमॅल1, बंद केलं तर कूर्चा झिजायला लागली. 2025 च्या एप्रिलमध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एकोणीस लाखांहून जास्त लोकांच्या अभ्यासातही झिजेशी जोडलेल्या प्रक्रियांत शरीराच्या घड्याळाचं नाव आहे. पण ते पेशीतलं घड्याळ, पेशीचं जनुकच काढून टाकणं आणि बाईने रात्रपाळी करणं एका मापात कसं बसेल.

आणि हे बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांचं आहे हेही बातमीत नव्हतं. आपल्याकडच्या बायका जन्मभर उकिडवं बसून भांडी घासतात, भाकऱ्या थापतात, त्यांच्या गुडघ्याचा हिशोब वेगळा असू शकतो. आपल्या जीनोमइंडिया प्रकल्पाची दहा हजार लोकांच्या जनुकांची माहिती 2025 च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुली झाली, पण असे प्रश्न सोडवायला दहा हजार फार थोडे, आणि त्यांच्या झोपेची नि गुडघ्यांची नोंदही सोबत लागेल. यावर कुणीतरी काम करावं असं मला मनापासून वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 2019 मध्ये जगात 52 कोटी 80 लाख लोकांना हा आजार होता, साठ टक्के बायका. म्हणजे तुमच्या वाचकांत अशा आया घरोघरी आहेत, त्यांना उपयोग होईल असं छापा ना. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात साठीच्या पुढच्या, झीज आणि निद्रानाश दोन्ही असलेल्या 327 लोकांवर चाचणी झाली, 2021 मध्ये निकाल आला. आठ आठवड्यांत फोनवरून सहा वेळा, प्रत्येक वेळी वीस ते तीस मिनिटं, झोपेबद्दलचं समुपदेशन, गोळी नाही काही नाही. झोप सुधारली आणि वर्षभरानेही ती सुधारलेलीच होती. दुखणं दोन महिन्यांनी कमी होतं, वर्षाने तो फरक उरला नाही. हे असंच्या असं सांगितलं तरी लोकांना कळतं, घाबरवावं लागत नाही. वजनाचं तर त्याहून पक्कं आहे, अमेरिकेतल्याच फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांच्या पाहणीत दहा वर्षांत साधारण पाच किलो वजन उतरलेल्या बायकांत गुडघ्याच्या दुखऱ्या झिजेची शक्यता निम्म्यावर आली होती.

आईला मी हे सगळं बसून समजावलं. तिने एवढंच विचारलं की मग पेपरात तसं का लिहिलं. त्या बातमीचा खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावा ही विनंती, आई अजून पेपर आला की आधी तेच पान उघडून वाचते.

आपला,
एक जुना वाचक, सांगली