स्टँडबायवर दिवा लावला म्हणून वॉरंटी नाकारली

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय : एसएमपीएसची वॉरंटी 'गैरवापर' म्हणून नाकारल्याबाबत

महोदय,

१४ महिन्यांपूर्वी घेतलेला आपल्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा भाग) गेल्या महिन्यात बंद पडला. वॉरंटी ३ वर्षांची आहे. तरीही आपल्या सर्व्हिस सेंटरने जॉबशीटवर 'गैरवापर' असा शेरा मारून तो परत दिला. कॉम्प्युटर बंद असताना तुम्ही यूएसबीवर दिवा लावता, एवढेच कारण तोंडी सांगितले.

हो, लावतो. माझी आई ८१ वर्षांची आहे, रात्री दोन-तीनदा उठते. कॉम्प्युटर तिच्याच खोलीत आहे. मागच्या एका पोर्टला छोटा एलईडी दिवा असतो, दुसऱ्याला तिचा फोन. यूएसबी मीटर लावून पाहिले: दिवा ०.२ अँपिअर घेतो, फोन फार तर ०.५. आपल्याच स्टिकरवर +५ व्होल्ट स्टँडबायपुढे २.५ अँपिअर छापले आहे. म्हणजे साडेबारा वॅटची हमी आपण दिलीत आणि मी वापरले साडेतीन. त्यात मदरबोर्डचा थोडासा खर्च मिळवला तरी २.५ अँपिअर फार लांब राहतात.

ही स्टँडबायची लाइन कॉम्प्युटर बंद असताना चालू राहण्यासाठीच असते. पॉवरचे बटण दाबले की मशीन सुरू होते ते तिच्याच जोरावर. बंद मशीनच्या यूएसबीवर काही लावू नये, असे आपल्या वॉरंटी कार्डावर कुठेही लिहिलेले नाही. मी ते दोनदा वाचले.

आता बिघाडाबद्दल. २४ पिनांचा कनेक्टर मदरबोर्डमधून काढून जांभळ्या वायरवर, म्हणजे याच स्टँडबाय लाइनवर, मल्टिमीटर धरला. दिवा नाही, फोन नाही, कसलाच लोड नाही, तरी ३.७ व्होल्ट, आणि तेही खालीवर होणारे. ५ टक्क्यांची सूट धरली तर ४.७५ च्या खाली जायला नको. मग मित्राकडून दुसरा एसएमपीएस आणून जोडला. तोच मदरबोर्ड, तीच पोर्टे, तोच दिवा. ११ दिवस सुरळीत चालले आहे. माझ्या पोर्टांत किंवा दिव्यात दोष असता तर तो इथेही दिसला असता. हे सगळे मी काउंटरवर सांगत होतो, पण तिथल्या मुलाने मीटरसुद्धा हातात घेतला नाही. याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. एसएमपीएस उघडून न पाहता दोष ग्राहकाच्या माथी मारणे हा अन्याय आहे.

मला एसएमपीएस बदलून हवा आहे आणि जॉबशीटवरचा शेरा रद्द झाल्याचे लेखी पत्रही. गैरवापराच्या मतावर आपण ठाम असाल, तर कोणती तपासणी केली आणि काय रीडिंग आले ते सहीनिशी कळवा. बिल, स्टिकर आणि मीटरच्या रीडिंगचे फोटो सोबत जोडले आहेत. १५ दिवसांत उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
एक ग्राहक