मुख्याध्यापकांनी पहिला फोन कुणाला करायचा?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

शाळांच्या सुरक्षेवरचा तुमचा लेख वाचला, चांगला होता पण सगळा भर सीसीटीव्ही आणि आग विझवायच्या सिलिंडरवर, खरं घोडं कुठे अडतं ते आलंच नाही म्हणून लिहितोय. मी एका खाजगी माध्यमिक शाळेत बरीच वर्षं क्लार्क होतो, आता सोडलंय त्यामुळे बोलायला मोकळा आहे.

एकदा नववीच्या प्रॅक्टिकलला एका मुलाच्या हातावर ॲसिड उडालं. लॅबच्या मॅडमनी कुणालाही न विचारता त्याचा हात नळाखाली धरला आणि घड्याळ लावून वीस मिनिटं धरून ठेवला, शेजारी कुणीतरी सोडा लावा, सोडा लावा करत होतं तिकडे ढुंकूनही बघितलं नाही, म्हणून थोडक्यात निभावलं. आणि तेव्हा आमचे मुख्याध्यापक सर केबिनमध्ये काय करत होते, तर संस्थेच्या सेक्रेटरींना फोन लावत होते, दवाखान्यात न्यायचं का, पालकांना आत्ता सांगायचं का मग, आणि फोन सारखा बिझी! तोवर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका हाताची तीन भाजलेली मुलं झाली होती आणि त्याची आई गेटवर येऊन रडत होती. सर माणूस वाईट नव्हते हो, पण खाजगी शाळेत नाव खराब झालं की ॲडमिशन कमी होतात आणि जाब त्यांनाच विचारला जातो, मग माणूस आधी वरच्यांनाच विचारणार ना.

नंतर त्यांच्या जागी ज्या बाई आल्या त्यांनी रुजू होतानाच संस्थेकडून लेखी घेतलं की ॲम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड, पोलीस आणि पालक यांना कळवायला कुणाची परवानगी लागणार नाही, संस्थेला मागाहून सांगू. पालकांचे नंबर कागदावर छापून घेतले कारण लाईट गेली की कॉम्प्युटर गेला. शाळा रिकामी करायची ड्रिल मुद्दाम मधल्या सुट्टीत घेतली, पहिल्याच वेळी ग्राउंडवर सात मुलं कमी भरली, पाच टॉयलेटमध्ये आणि दोघं गच्चीच्या जिन्यात गप्पा मारत बसलेले.

पुढे दहावीतली एक मुलगी स्वतःच्या हाताने गेली तेव्हा बाईंनी प्रार्थनेला माईकवरून काही सांगितलं नाही, प्रत्येक वर्गात वर्गशिक्षकांनीच जाऊन सांगितलं, कसं झालं यावर कुणी एक शब्द बोलायचा नाही अशी सक्त ताकीद, कारण त्या वर्णनाने आधीच खचलेलं दुसरं पोर त्याच वाटेने जाऊ शकतं. तिच्या मैत्रिणींच्या घरी स्वतः फोन केले, समुपदेशकांना महिनाभर शाळेत बसवलं. बाहेरच्यांशी फक्त बाई बोलायच्या, आम्हाला कुणी विचारलं तर त्यांच्याकडे पाठवायचं. संस्थेतल्या काहींना हे सगळं जरा जास्तच वाटलं म्हणे, वाटू दे.

तुमचे बातमीदार शाळेत गेले की कॅमेरे किती हे नंतर विचारा, आधी बाईंनी घेतलं होतं तसं एक पानाचं पत्र मुख्याध्यापकांकडे आहे का तेवढं बघा.

आपला,
एक जुना शाळा-क्लार्क