हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याबद्दल सुहासला

राजारामपुरी, कोल्हापूर
९ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

टँडमच्या, म्हणजे प्रशिक्षक आणि प्रवासी एकाच पॅराशूटनं मारतात त्या उडीच्या फोटोंसाठी डोक्यावर कुठला हलका कॅमेरा लावू, असं विचारलंस आणि सोबत सहा मॉडेलांची वजनंही पाठवलीस. भावा, ती वजनं नुसत्या बॉडीची आहेत. मानेला बॉडी वेगळी आणि लेन्स वेगळी कळत नाही. तिच्यावर सगळं मिळून येतं, आणि येतं ते पॅराशूट उघडताना.

हिशेब बघ. बॉडी आणि लेन्स मिळून सहाशे ग्रॅम, पट्टी-स्क्रू-स्विच शंभर, बाजूचा व्हिडिओचा ॲक्शन कॅमेरा दीडशे, हेल्मेट सातशे. म्हणजे दीड किलोच्या वर. पॅराशूट जरा कडक उघडलं आणि पाचपट झटका बसला, तर मानेवर पावणेआठ किलो. गंगावेस तालमीतल्या पैलवानाची मान आपल्याकडं नाही. म्हणून उघडताना मान सरळ आणि नजर क्षितिजावर ठेवायची. छत्री कशी उघडतेय हे बघायला डोकं मागं टाकलं की हाच भार तिरका येतो आणि मान तिथंच धरते.

आता बॉडी. माझं मत कॅननच्या १००डीकडं झुकतं. बॅटरी-कार्डासकट ४०७ ग्रॅम. २०१३ चं मॉडेल आहे, त्यामुळं जुनंच घ्यावं लागेल. सोनीचा ए६००० तर ३४४ ग्रॅम, त्यावर १६ मिमीची चपटी लेन्स ६७ ग्रॅमची, एकूण ४११. १००डीवर जुनी १८-५५ आयएस दोन, ही २०० ग्रॅमची किट लेन्स लावली की ६०७ होतात. कागदावर सोनी जिंकतो, आणि जवळजवळ दोनशे ग्रॅमनं जिंकतो. तरी मी थांबतो ते दोन कारणांनी.

पहिलं कारण फोकस. सोनीच्या त्या लेन्सची फोकस रिंग यांत्रिक नाही, ती आत मोटरला फक्त इशारा देते. तू जमिनीवर फोकस लावलास, विमान वर जाताना कॅमेरा बंद झाला, की ती जागा विसरते. कॅननच्या जुन्या १८-५५ ची रिंग खरोखर काच फिरवते. एकदा लावून चिकटपट्टी मारली की विषय संपला. मात्र त्याच लेन्सचं एसटीएम रूप घेऊ नकोस, त्यातही फोकस मोटरवरच चालतो. दुसरं कारण झोप. विमानात पंधरा-वीस मिनिटं जातात. कॅननसारखा आरशाचा कॅमेरा झोपला तरी अर्धं बटण दाबताच जागा होतो. सोनीसारख्या बिनआरशाच्या, मिररलेस कॅमेऱ्याला उठायला वेळ लागतो, आणि दारातून बाहेर पडतानाचा, चेहऱ्यावर सगळ्यात भीती असतानाचा फोटो नेमका त्यातच जातो. सोनीवर यांत्रिक रिंगची सॅमयांग १२ मिमी लावता येते, पण ती २४५ ग्रॅमची आहे. एकूण ५८९. मग वजनातला फायदा उरला कुठं?

लेन्स १८ वरच ठेव आणि झूम रिंगलाही चिकटपट्टी मार. १८ वर या सेन्सरला अडीच मीटरवरून साधारण ३.१ मीटर रुंद आणि दोन मीटर उंच चौकट मिळते. हात पसरलेली जोडी आणि थोडं आकाश, एवढं मावतं. २४ मिमीची चपटी लेन्स १२५ ग्रॅमची आहे खरी, पण अडीच मीटरवर तिची रुंदी २.३ मीटरच. बोटं कापली जातात.

फोकस मॅन्युअल, अडीच मीटरवर. छिद्र, म्हणजे ॲपर्चर, एफ/८ असेल तर मीटरभरापासून अनंतापर्यंत सगळं चालण्याइतकं धारदार येतं. शटर १/५०० ला बांधून टाक, छिद्र कॅमेऱ्याला ठरवू दे, आयएसओ ऑटो, कमाल १६००. ऊन चांगलं असलं की छिद्र आपोआप आठच्या आसपास येतं, आणि विमानाच्या अंधारात ते मोठं होतं. एक्स्पोजर दोन-तृतीयांश वाढवून ठेव. प्रवाशाचं तोंड खाली सावलीत आणि मागं आकाश लखलखीत, त्यामुळं कॅमेरा फसतो आणि चेहरे काळे येतात. स्टॅबिलायझेशन बंद ठेव, १/५०० ला त्याचं काम नाही.

कॅमेरा हेल्मेटवर बसवायची पट्टी इथंच करून घे. उद्यमनगरातल्या वर्कशॉपात दुपारी सांगितली तर संध्याकाळी हातात. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला तिथं पट्टी म्हणजे काहीच नाही. १०० बाय ६० मिमी, ३ मिमी जाड ॲल्युमिनियम, वजन ४९ ग्रॅम. हीच लोखंडाची केली तर १४१. मागच्या कडेला ८ मिमीची उभी कड वळवून घे, नाहीतर एका स्क्रूवरचा कॅमेरा वाऱ्यानं फिरतो. पत्रा ५०५२ जातीचा माग. ६०६१ टी६ जास्त कडक असतो आणि कमी गोलाईनं वळवला की वळणावर तडा जातो. सगळ्या कडा कानशीनं गोल करून घे.

कॅमेऱ्याचा स्क्रू पाव इंची, वीस आट्यांचा. दुकानदार एम६ देईल आणि "तोच हाय की" म्हणेल. तो नव्हे. एम६ थोडा बारीक असतो, आत डुगडुगतो आणि कॅमेऱ्याचे आटे खातो. स्क्रू हेल्मेटच्या आतून, पॅडिंग बाजूला करून, पट्टीतून वर जातो. पट्टी आणि कॅमेऱ्यामधलं रबर दाबल्यावर पट्टीच्या वर साडेचार मिमीच निघाला पाहिजे. लांब झाला तर तळाला टेकतो आणि कॅमेरा घट्ट बसल्यासारखा वाटूनही हलतो. १००डीचं बॅटरी आणि कार्डाचं झाकण खालीच असल्यामुळं बॅटरीसाठी दरवेळी कॅमेरा उतरवावा लागेल, म्हणून स्क्रू रुपयाच्या नाण्यानं फिरेल असा चीर असलेला घे. फोटो मात्र डाव्या बाजूच्या यूएसबीतून काढता येतात. पट्टी हेल्मेटला चार एम४ स्क्रूंनी. त्यांची चपटी डोकी आणि मोठे वॉशर आतून, नट बाहेरून. उलटं केलंस तर आपटताना नट कवटीत जाईल. आटे सैल होऊ न देणारं निळं लॉकटाइट लाव, लाल लावलंस तर परत निघणार नाही.

शटर दाबायचं ते दातांत धरून चावायच्या स्विचनं. २.५ मिमीचा प्लग: टोक शटरचं, मधली कडी फोकसची, बूड ग्राउंडचं. टोक आणि कडी एकत्र जोडून स्विचच्या एका पायाला, ग्राउंड दुसऱ्याला. मोबाइल दुरुस्तीवाला दहा मिनिटांत डाग देतो. स्विचवर हीट श्रिंक नळी दोन थरांची चढव. लाळ आत गेली की स्विच चिकटतो आणि विमानातच कार्ड भरून जातं. जुना कॅमेरा घेताना हा प्लग लावून हलवत हलवत पन्नास वेळा शटर दाबून बघ. जॅक सैल असेल तर सौदा सोडून दे.

वायर प्लगजवळ दोन सेंटिमीटर ढिली ठेवून पुढची सगळी हेल्मेटला चिकटव. नंतर बारीक नायलॉनची दोरी घेऊन सगळ्या दिशांनी हेल्मेटवरून ओढ. जिथं अडकेल तिथं उद्या पॅराशूटची दोरी अडकेल. ती फट फोम आणि टेपनं बुजव आणि परत ओढ. एवढं करूनही हनुवटीचा पट्टा एका झटक्यात सुटणारा हवा. अडकलंच तर हेल्मेट फेकून देता आलं पाहिजे. हातमोजे घालून, डोळे मिटून, हे वीस वेळा करून बघ.

निशाण्याचं लोकांकडून हमखास चुकतं. डोळ्यासमोर लावलेल्या निशाण्याच्या काचेतली, रिंग साइटची वर्तुळं अनंतावर दिसतात, आणि कॅमेरा डोळ्याच्या वीस सेंटिमीटर वर. कॅमेरा समांतर ठेवलास तर जोडी चौकटीत वीस सेंटिमीटर खाली सरकते. भिंतीवर डोळ्याच्या उंचीला खडूची फुली मार, अडीच मीटरवर उभा राहा, फुली वर्तुळात धर, फोटो काढ. फुली चौकटीच्या मध्यावर येईपर्यंत पट्टीच्या मागच्या बाजूला पातळ रबर सरकव. साधारण साडेचार अंशांनी कॅमेरा पुढं झुकेल.

अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनची शिफारस कॅमेऱ्याआधी २०० उड्यांची आहे, हे तुला माहीत आहे. टँडमच्या बरोबर वर किंवा बरोबर खाली कधीच नको. वर त्यांचा वेग कमी करणारी छोटी छत्री, ड्रोग, असते, आणि तू खाली असताना तुझं पॅराशूट आधी उघडलं तर ते तुझ्यावर येतात.

थंडी विसरू नकोस. हजार फुटांमागं दोन अंश, म्हणजे १३,००० फुटांवर सव्वीस अंश कमी. खाली तीस असलं तर वर चार. राखीव बॅटरी आतल्या खिशात ठेव. उतरल्यावर काचेवर दव धरलं तर लगेच पुसू नकोस, धूळ घासली जाते.

येताना हेल्मेटच आण, कॅमेरा नको. आणि वरच्या सपाट भागाची रुंदी आधी मोजून कळव. साठ मिमीपेक्षा कमी भरली तर पट्टीचं माप बदलावं लागेल, आणि दिवाळीच्या सुट्टीत उद्यमनगर बंद असतं.

तुझा,
विजू