शॉकवेव्ह द्या, पण कुठल्या मशीनने ते आधी सांगा

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत शॉकवेव्ह थेरपीवर, म्हणजे दुखऱ्या भागावर यंत्राने दाबलहरींचे धक्के देण्याच्या उपचारावर, अर्धं पान मजकूर आला होता. खांदा कितीही जुना दुखत असो, ऑपरेशन टळतं, असा त्याचा एकूण सूर. शेवटी क्लिनिकचा मोबाइल नंबर आणि महिनाअखेरपर्यंतची सवलत दिसली, तेव्हा ही जाहिरात असल्याचं कळलं. कोपऱ्यात तसं बारीक अक्षरात छापलंही असेल, माझ्या चष्म्याला ते सापडलं नाही.

मी अंबरनाथच्या आयुध निर्माणीत टर्नर होतो. वर्षानुवर्षं लेथच्या चकची चावी उजव्या हाताने आवळली, निवृत्तीनंतर खांद्याने त्याचा हिशेब मागितला. शर्टाची बाही चढवताना कळ, त्या कुशीवर झोपलं की कळ. सोनोग्राफीत खांद्याच्या सुप्रास्पायनेटस या स्नायूच्या टेंडनमध्ये (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरात) कॅल्शियम साठलेलं निघालं. ऑर्थोपेडिकने व्यायाम सांगितले आणि वाटलं तर शॉकवेव्ह करून बघा म्हणाले. क्लिनिकमध्ये गेलो तर रिपोर्ट उघडायच्या आधी पाच सिटिंगचं पॅकेज समोर आलं, पैसे आगाऊ.

मशीन सुरू झालं तसे माझे कान टवकारले. खाली कॉम्प्रेसर चालू होता. पिस्तुलासारख्या दांड्यात बारीक नळी, तिच्यात धातूचा छोटा तुकडा. दाबाची हवा तो तुकडा पुढे फेकते आणि तो टोकाच्या टोपीवर आदळतो. आमच्या कारखान्यातल्या, हवेवर ठोके देणाऱ्या चिपिंग हॅमरचा धाकटा भाऊच! स्क्रीनवर दाब ‘बार’ या एककात दिसत होता, खाली ठोक्यांचा आकडा पळत होता. जेल लावलेल्या खांद्यावर ती टोपी टेकली की दात कडकडतात. याला रेडियल म्हणतात. त्याचा जोर कातडीपाशी सर्वांत जास्त असतो आणि खोल जाईल तसा विरत जातो.

फोकस्ड नावाचा प्रकार वेगळा आहे. त्यात लहर शरीराच्या आत, ठरवलेल्या खोलीवर एकवटते. हे तंत्र मूतखड्यांकडून खांद्याकडे आलं. जर्मनीच्या डॉर्निअर या विमान कंपनीने बनवलेल्या यंत्राने फेब्रुवारी 1980 मध्ये म्युनिकला पहिल्या रुग्णाचा मूतखडा फोडला. (याच डॉर्निअरचं 228 विमान आपल्याकडे एचएएल ही सरकारी कंपनी कानपूरला बनवते. कारखान्यातल्या माणसाला अशा गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.) मात्र खांद्यातलं कॅल्शियम मूतखड्यासारखं फुटून लघवीवाटे जात नाही, ते शरीरालाच हळूहळू शोषून घ्यावं लागतं. पुष्कळांच्या बाबतीत ते काहीही न करता आपोआप विरतं आणि विरतानाच सर्वांत जास्त ठणकतं.

‘तुमचं मशीन कोणतं, रेडियल की फोकस्ड?’ असं मी विचारलं तेव्हा तिथल्या मुलीने ‘काका, इम्पोर्टेड आहे’ असं उत्तर दिलं. तिचा दोष नाही, तिला तेवढंच शिकवलं असणार.

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे, तिने मला दोन संशोधनं समजावून सांगितली. 2003 साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात 144 रुग्णांवरचा अभ्यास आला होता. सगळ्यांच्या खांद्यात कॅल्शियम होतं. काहींना जास्त ऊर्जेच्या लहरी दिल्या, काहींना कमी, तर काहींना नुसता देखावा. जास्त ऊर्जेवाल्यांना सर्वाधिक आराम पडला. पुढे 2020 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 32 चाचण्या, म्हणजे 2281 रुग्ण, एकत्र तपासले. तेव्हा रुग्णाला खरोखर जाणवेल असा फायदा फारच थोडा दिसला, मग कॅल्शियम असो वा नसो. म्हणजे उपचार थोतांड आहे असं मी म्हणत नाही. माझं दुखणं कमी झालं. पण त्याच काळात मी रोज सकाळी थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) ओढत होतो आणि महिनेही सरत होते, तेव्हा श्रेय मशीनला द्यायला माझं मन धजत नाही.

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या वहिनी पोळ्यांच्या ऑर्डरी घेतात. त्यांचा खांदा आखडला होता. त्यांना स्वतःला हात वर नेता येत नव्हता आणि मुलाने धरून उचलला तरी तो अर्ध्यावरच अडायचा. माझ्या हाताचं तसं नव्हतं, दुसऱ्याने उचलला की वर जायचा. भाचीने पाहताक्षणी सांगितलं, हा फ्रोझन शोल्डर, मधुमेहींना फार होतो. वहिनींना मधुमेह आहेच. त्यांचं दुखणं सांध्याच्या आवरणाचं, माझं टेंडनचं. तरी दोघांना तेच पॅकेज, तेच मशीन आणि तेवढेच ठोके! उद्या एखाद्याचं टेंडन पूर्ण फाटलेलं असेल तर त्यालाही हेच देतील, आणि फाटलेलं टेंडन लहरींनी शिवलं जात नाही. माझ्याकडून भरून घेतलेल्या फॉर्मवर विमा कंपनीचं नाव होतं, पण रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हा प्रश्न नव्हता. आमच्या वयाच्या मंडळींत अँजिओप्लास्टी होऊन अशा गोळ्या घेणारे घरटी एक सापडतील.

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांच्या नोंदणीसाठी राज्य परिषद आहे. तिने एवढा नियम करावा: मशीन रेडियल की फोकस्ड, निदान काय आणि ते कशावरून केलं, हे पहिल्या सिटिंगआधी रुग्णाला लेखी द्यायचं, आणि पॅकेजचे पैसे आगाऊ घेतले तर मधे उपचार थांबवणाऱ्याला उरलेले परत करायचे. वहिनींनी दुसऱ्या सिटिंगनंतर जाणं सोडलं. उरलेल्या पैशांबद्दल विचारलं तर ‘मिस्टरांना आणा, त्यांच्यासाठी वापरता येतील’ असं उत्तर मिळालं. मिस्टरांचा खांदा ठणठणीत आहे.

आणि संपादक महोदय, अशा मजकुरावर ‘जाहिरात’ हा शब्द मथळ्याएवढ्या टायपात छापायला आपल्याला कोणत्याही परिषदेची वाट पाहावी लागणार नाही.

– एक निवृत्त टर्नर, अंबरनाथ (पूर्व)