चिलटं दिसली की चष्म्याचं दुकान नको

महोदय,

तळजाईच्या टेकडीवर फिरताना सकाळच्या पांढऱ्या आभाळावर काळी चिलटं तरंगतात. हाताने वारली तरी जात नाहीत, नजर फिरवली की मागोमाग येतात. साठीच्या आसपास ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि आधी चष्म्याचं दुकान गाठलं जातं. नंबर बदलून मिळतो, चिलटं तशीच.

डोळ्यात सुमारे ४ मिलीलीटर जेली असते, बहुतांश पाणीच. वय वाढलं की ती पातळ होते, तिच्यातले तंतू गोळा होतात; आपल्याला दिसते ती त्यांची डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावरची (रेटिनावरची) सावली. पुढे ही जेली पडद्यापासून सुटते. मायनस नंबर मोठा असेल किंवा मोतीबिंदू काढलेला असेल, तर जरा लवकरच. सुटताना पडदा ओढला गेला की कडेला चमक दिसते, ओढ फार झाली की पडदा फाटतो. नुसती फाट लेसरने सांधता येते. तिच्यातून पाणी मागे शिरून पडदाच सुटला, तर मोठं ऑपरेशन. म्हणून ठिपके एकाएकी वाढले, चमक आली किंवा कडेने काळी सावली सरकू लागली, तर त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांकडे जावं. दुखायची वाट पाहू नये. पडदा फाटताना दुखत नाही. मधुमेह्यांना दिसणारे ठिपके रक्ताचेही असू शकतात.

पडदा तपासण्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करायला अर्धा तास लागतो, नंतर चार-सहा तास धूसर दिसतं, उन्हात डोळे दिपतात. त्या दिवशी पुणेकरांनीही दुचाकी घरी ठेवावी. सगळं ठीक निघालं तरी महिना-दीड महिन्याने पुन्हा दाखवावं, फाट मागाहूनही पडते. जुन्या, निरुपद्रवी चिलटांवर कुठलाही अर्क चालत नाही. अक्षरावर आली तर डोळे वर-खाली फिरवावेत, जेली हलते.

धूसरपणा मात्र घरीच हेरता येतो. चाळिशी लावून कॅलेंडर हातात घ्यावं, एकेक डोळा न दाबता झाकावा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं उणं झाकतो. चौकोनांच्या रेघा वाकड्या दिसल्या, तर पडद्याच्या मध्यभागाची तपासणी लवकर हवी. मिचकावल्यावर साफ होत असेल, तर बहुधा डोळे कोरडे. साखर वर-खाली होत असताना नवा चष्मा करूच नये, नंबर टिकत नाही.

मोफत शिबिरांत अनेकदा नंबर आणि मोतीबिंदूच पाहिला जातो. आयोजकांनी निदान चिठ्ठीवर तसं लिहून द्यावं : ‘पडदा तपासलेला नाही.’

– एक नेत्रतपासनीस, कोथरूड, पुणे